तलावाकाठची खोली कुणाला मिळते?

समजा, ठाण्यात राहणारे दोन पुरुष शनिवारी सकाळी कसारा लोकल पकडून आसनगावला उतरले. रिक्षा करून शहापूरच्या पुढे, भातसाच्या पाण्याकडे तोंड असलेल्या एका लॉजवर पोहोचले. ‘आम्ही मित्र आहोत, एक खोली हवी’ असं त्यांनी सांगितलं, तर आधार कार्डांच्या झेरॉक्स घेऊन किल्ली मिळण्याची शक्यता बरीच आहे. तेच दोघं ‘आम्ही जोडीदार आहोत’ असं म्हणाले, तर खोली एकाएकी भरलेली असू शकते. खोली तीच, पलंग तोच, माणसं तीच आणि कायदाही तोच. मग बदललं काय?

समलिंगी, उभयलिंगी आणि ट्रान्स प्रवाशांसाठी हा प्रश्न सुट्टीच्या बेताचा पहिला भाग असतो. हवामान, रस्ता, जेवण हे सगळं त्यानंतर येतं. एखादी जागा ‘एलजीबीटी-फ्रेंडली’ आहे असं म्हणतात तेव्हा ती नेमकी कशामुळे तशी होते, हे समजायला शहापूर-मुरबाडसारखा भाग फार उपयोगी आहे. इथे पाणी आहे, डोंगर आहेत, मुंबई हाकेच्या अंतरावर आहे, आणि अडचणही अगदी उघड दिसते.

तलाव आहे, पण तलावाचं गाव नाही

तानसा धरण १८९२ साली पूर्ण झालं ते मुंबईची तहान भागवायला. आज मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांच्या एकूण साठ्यापैकी जवळपास निम्मा साठा एकट्या भातसात मावतो. मुरबाडचं बारवी धरण बदलापूर, अंबरनाथ, डोंबिवलीच्या पट्ट्याला पाणी पुरवतं. म्हणजे इथली जलाशयं सहलीसाठी बांधलेली नाहीत, ती नळासाठी आहेत. नैनीतालसारखी पाण्याला बिलगून उभी राहिलेली बाजारपेठ, नौका, ओळीने हॉटेलं असं काही इथे घडलं नाही. त्याऐवजी माहुलीच्या पायथ्याशी, खर्डीच्या आसपास, माळशेजच्या वाटेवर एकेकटी रिसॉर्ट, फार्महाऊस, कृषी पर्यटन केंद्रं आणि तंबू विखुरले आहेत.

या विखुरण्याचा थेट परिणाम नकारावर होतो. शहरात एका हॉटेलने नाही म्हटलं तर शेजारचं असतं. इथे पुढचं फाटक चार-पाच किलोमीटरवर, सोडून गेलेली रिक्षा परत यायची नाही आणि मुरबाडकडे तर रेल्वेही नाही, कल्याणची एसटी गाठायची. संध्याकाळी सहा वाजता, पावसात, सामानासकट फाटकाबाहेर उभं राहणं ही नकाराची खरी किंमत आहे. त्यामुळे बरेच जण ‘मित्र’ म्हणूनच नाव लिहितात, आणि दोन दिवस त्या एका शब्दाला सांभाळत राहतात: जेवणाच्या टेबलावर, तलावाकाठी, व्हरांड्यातसुद्धा.

फॅमिली, कपल, ग्रुप, स्टॅग

रिसॉर्टचं दरपत्रक पाहिलं की उत्तराचा पहिला धागा सापडतो. पाहुण्यांची विभागणी बहुधा चार नावांनी होते: फॅमिली, कपल, ग्रुप आणि स्टॅग. स्टॅग म्हणजे सोबत बाई नसलेले पुरुष. पुष्कळ ठिकाणी ‘स्टॅग एंट्री बंद’ अशी पाटीच असते. तिच्यामागचं कारण निव्वळ खोडसाळ म्हणता येणार नाही. दारू पिऊन पाण्यात उतरणारी टोळकी, छेडछाड, बुडून होणारे मृत्यू यांचा त्रास मालकांनी सोसलेला असतो. पावसाळ्यात धबधबे आणि धरणांच्या परिसरात जाण्यावर जिल्हाधिकाऱ्यांचे बंदी आदेश निघतात, तेही याच काळजीतून.

पण या विभागणीत समलिंगी जोडप्याची गोची होते. मिसळणाच्या डब्यातल्या वाट्या ठरलेल्या असतात. नवा मसाला घरात आला की तो डब्याबाहेर पुडीत पडून राहतो, दोष मसाल्याचा नसतो. तसंच हे. दोन पुरुष ‘स्टॅग’ धरले जातात, म्हणून मोठ्या रिसॉर्टमध्ये प्रवेश नाही. ‘कपल’ म्हणून मागितलं तर तो रकाना स्त्री-पुरुषांसाठी राखलेला. दोन स्त्रियांना खोली मिळते, पण ‘घरी माहीत आहे ना?’ या प्रश्नासकट. मॅनेजरच्या मनात वैर असेलच असं नाही. अनेकदा त्याच्यापुढच्या कागदावर या माणसांना जागाच नसते, आणि कागदावर जागा नसली की मनातली भीती निर्णय घेते.

रजिस्टरला काय हवं असतं?

ही भीती मुख्यतः पोलिसांची. म्हणून रजिस्टरचं काम काय, ते आधी समजून घ्यायला हवं. लॉजमध्ये कोण आलं, कुठून आलं, कधी गेलं, हे गरज पडल्यास शोधता यावं यासाठी नोंद ठेवली जाते. नाव, पत्ता, ओळखपत्र, येण्या-जाण्याची वेळ, फार तर गाडीचा नंबर. परदेशी पाहुणा असेल तर २४ तासांच्या आत वेगळा फॉर्म भरावा लागतो. पाहुण्यांचं एकमेकांशी नातं काय, हे सिद्ध करणारा पुरावा या कामासाठी लागतच नाही.

लग्नाचा दाखला हवा, हा समज किती पक्का आहे हे २०१९ साली कोइमतूरच्या एका प्रकरणात दिसलं. अविवाहित जोडपं राहिलेलं आढळलं, हे एका निवासी जागेला सील ठोकण्यामागचं एक कारण होतं. मद्रास उच्च न्यायालयाने सील काढायला सांगितलं आणि स्पष्ट केलं की दोन सज्ञान अविवाहितांनी हॉटेलच्या खोलीत राहण्याला मनाई करणारा कायदाच नाही.

तरीही भीतीला आधार नाही, असं म्हणता येणार नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबईत मढ आणि अक्सा भागातल्या हॉटेलांवर पोलिसांनी छापे घातले आणि खोल्यांमधून जोडप्यांना बाहेर काढलं. अनेकांवर महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ११० खाली कारवाई झाली. हे कलम सार्वजनिक जागेतल्या असभ्य वर्तनाबद्दल आहे. दार लावलेली खोली सार्वजनिक जागा कशी, असा जाब तेव्हा मोठ्या प्रमाणावर विचारला गेला. पण अशी एक बातमी लहान लॉजमालकाच्या डोक्यात वर्षानुवर्षं राहते. स्त्री-पुरुषांवर ही वेळ येते, तर ‘त्या’ जोडप्यांचं काय, असा हिशेब तो मनातच करून टाकतो.

हा हिशेब जुन्या कायद्यावर बेतलेला आहे. भारतीय दंड संहितेचं कलम ३७७ हे १८६० च्या इंग्रजी अमलातलं. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने ठरवलं की सज्ञान व्यक्तींचे संमतीचे खासगी संबंध त्याखाली गुन्हा ठरत नाहीत. त्याच्या वर्षभर आधी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला होता आणि लैंगिक कल त्याचाच भाग असल्याचं म्हटलं होतं. ३७७ विरुद्ध न्यायालयात गेलेल्यांमध्ये केशव सुरी हे हॉटेल व्यावसायिकही होते. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि तिच्यात ३७७ सारखं कलमच नाही. थोडक्यात, दोन पुरुषांना किंवा दोन स्त्रियांना खोली देणारा मालक कुठल्याही गुन्ह्याला हातभार लावत नाही.

कॉर्नवॉलचा डबल बेड

गुन्हा नाही, हे ठरलं. पण ‘आमच्याकडे फक्त विवाहित जोडपी’ असा नियम मालकाने केला तर? नियम सगळ्यांना सारखाच, मग अन्याय कसला?

इंग्लंडमधल्या कॉर्नवॉल परगण्यात सप्टेंबर २००८ मध्ये नेमकं हेच घडलं. एका घरगुती हॉटेलचे मालक धार्मिक श्रद्धेमुळे डबल बेडची खोली फक्त विवाहितांना देत. नागरी भागीदारी नोंदवलेल्या दोन पुरुषांना त्यांनी ती नाकारली. प्रकरण थेट तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २७ नोव्हेंबर २०१३ रोजी मालक हरले. न्यायालयाच्या विचारातला कळीचा भाग साधा होता. अविवाहित स्त्री-पुरुष हवं तर लग्न करून त्याच खोलीत येऊ शकतात. त्या दोन पुरुषांना तेव्हाच्या कायद्यात लग्नाची वाटच नव्हती. नियम वरून समान दिसतो, पण एका गटासाठी दार कायमचं बंद ठेवतो. खालच्या न्यायालयाने मंजूर केलेली ३,६०० पौंडांची भरपाई कायम राहिली.

आज भारतात नेमकी हीच स्थिती आहे. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला आणि तो विषय संसदेकडे सोपवला. जानेवारी २०२५ मध्ये ओयो कंपनीने मेरठपासून नवं धोरण सुरू केलं, ज्यात जोडप्यांकडे नात्याचा पुरावा मागण्याची आणि अविवाहितांना नाकारण्याची मुभा भागीदार हॉटेलांना मिळाली. स्त्री-पुरुषांना अशा नियमातून पुढेमागे सुटका आहे. समलिंगी जोडप्याने मात्र दाखला आणायचा कुठून?

तळं आणि हॉटेल एकाच कलमात

संविधानाचं कलम १५ (२) या प्रश्नाला सर्वांत जवळून भिडतं. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून कोणत्याही नागरिकाला दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं इथे मज्जाव करता येणार नाही, आणि सरकारी पैशातून राखलेल्या विहिरी, तळी, स्नानघाट, रस्ते वापरण्यापासूनही रोखता येणार नाही, असं ते सांगतं. मूलभूत हक्क साधारणपणे सरकारविरुद्ध मागायचे असतात. हे कलम मात्र खासगी हॉटेलच्या दारापर्यंत येतं.

हॉटेल आणि तळं शेजारी-शेजारी कशी आली, याचं मूळ कोकणात आहे. सीताराम केशव बोले यांनी ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात ठराव मंजूर करून घेतला, की सरकारी पैशातले पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं कागदावर खुलं केलं, पण पाणी घ्यायला कुणी धजावत नव्हतं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. न्यायालयातला वाद त्यानंतर दहा वर्षं चालला. जातीच्या अन्यायाशी इतर कशाची बरोबरी करण्याचं कारण नाही. पण कागदावर मिळालेला हक्क आणि प्रत्यक्ष दारात मिळणारी वागणूक यांच्यातलं अंतर काय असतं, ते महाराष्ट्राला महाडने शिकवलं आहे.

कलमात ‘लैंगिक कल’ हे शब्द नाहीत. ‘लिंग’ या शब्दात लैंगिक ओळख आणि लैंगिक कल येतात, ही मांडणी सर्वोच्च न्यायालयाच्या ट्रान्स व्यक्तींच्या हक्कांवरच्या १५ एप्रिल २०१४ च्या ‘नालसा’ निकालात आणि पुढे ३७७ वरच्या २०१८ च्या निकालात आली. त्रुटी पुढे आहे: समलिंगी जोडप्याला खोली नाकारणाऱ्याला अमुक दंड, असं सांगणारा वेगळा कायदा भारतात नाही. पैसे भरून पक्कं झालेलं बुकिंग दारात नाकारलं, तर ग्राहक आयोगाची वाट मोकळी आहे. दारात जाऊन मागितलेल्या खोलीसाठी लढाई लांबची आणि खर्चिक.

आधारवरचं नाव, समोरचा माणूस

ट्रान्स प्रवाशाची अडचण निराळी आहे. जोडप्याचं नातं सांगितल्याशिवाय कळत नाही. ट्रान्स व्यक्तीला अनेकदा नजरेवरच अडवलं जातं. त्यात ओळखपत्रावरचं जुनं नाव, जुना फोटो आणि समोर उभा माणूस जुळत नाही, म्हणून मॅनेजर संशय घेतो. ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी हा अपमान वर्षानुवर्षं जाहीरपणे मांडला आहे.

कायदा इथे अधिक नेमका आहे. ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा, २०१९ निवासासह सार्वजनिक सेवा नाकारण्याला मनाई करतो, आणि सार्वजनिक जागी जाण्यापासून रोखणं हा त्याखाली सहा महिने ते दोन वर्षं कैदेचा गुन्हा ठरवला गेला. नोव्हेंबर २०२० पासून राष्ट्रीय पोर्टलवरून जिल्हाधिकाऱ्यांकडे ओळखपत्रासाठी अर्ज करता येऊ लागला.

एक साधी खबरदारी सगळ्यांच्याच कामाची आहे. लहान गावात काउंटरवरचं रजिस्टर बऱ्याच नजरांखालून जातं. शेवटचे चारच आकडे दाखवणारं ‘मास्क्ड आधार’ आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून मिळतं. त्याची प्रत दिली की निदान क्रमांक तरी फिरत राहत नाही.

आख्खं फार्महाऊस

कायदा बदलायची वाट न पाहता मुंबईतल्या गटांनी आपला मार्ग काढला: एकत्र जायचं. १९९८ साली सुरू झालेल्या ‘गे बॉम्बे’ने पार्ट्या आणि पालकांच्या बैठकांबरोबर ट्रेकही आयोजित केले. गटाने जाण्यामागे मौज आहेच, पण एक पक्कं गणितही आहे. आख्खं फार्महाऊस घेतलं की काउंटरवरचा प्रश्न उरत नाही. शेजारच्या खोलीतलं कुटुंब तक्रार करत नाही. जागा पूर्णपणे खासगी होते, त्यामुळे कायद्याचं संरक्षणही भक्कम. एकच माणूस आधी फोनवर सगळं बोलून घेतो, आणि नकार यायचाच असेल तर तो फोनवर येतो, फाटकात नाही.

पण हे पैशाचं काम आहे. दोघांना न परवडणारी जागा वीस जणांत परवडते. जो कुठल्याच गटात नाही, त्याला तीही वाट नाही. शिवाय फार्महाऊस एकाकी असलं तरी गावाच्या हद्दीतच असतं. केअरटेकर, स्वयंपाकाला येणाऱ्या बायका, टमटमवाला हे सगळे तिथलेच. त्यांच्याशी कसं वागलं जातं, यावर पुढच्या गटाचं स्वागत ठरतं.

आणि इथे एक गोष्ट विसरून चालणार नाही. मुंबईचं जोडपं मोकळेपणासाठी शहापूरला येतं, त्याच कसारा लोकलने शहापूर-मुरबाडची समलिंगी आणि ट्रान्स मुलं मोकळेपणासाठी कल्याण-ठाण्याला जातात. गावातल्या ठाकर, कातकरी, कुणबी किंवा आगरी घरातल्या मुलाला आपल्या गावचा तलाव हा लपायची जागा वाटूच शकत नाही. तिथे त्याला सगळे ओळखतात. रिसॉर्टमध्ये काम करणाऱ्यांतही अशी मुलं-मुली असणारच. पाहुण्याला सन्मान आणि वेटरला टोमणे, अशा जागेला फ्रेंडली म्हणवत नाही.

चौकट: निघण्यापूर्वी

• बुकिंग शक्यतो आगाऊ, लेखी आणि पैसे भरून करावं. ‘दोन पुरुष’ किंवा ‘दोन स्त्रिया, एक डबल बेड’ हे संदेशात स्पष्ट लिहावं. उत्तर जपून ठेवावं.
• १८ वर्षांवरील प्रत्येकाचं एक सरकारी ओळखपत्र पुरेसं आहे. लग्नाचा दाखला मागणारा कायदा नाही. स्थानिक पत्त्याचं ओळखपत्र चालणार नाही, हाही हॉटेलचा स्वतःचा नियम असतो. तो आधी विचारून घ्यावा.
• पक्कं बुकिंग नाकारलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.
• बंद खोली खासगी. धरणाचा काठ, धबधबा, रस्ता सार्वजनिक. पावसाळी बंदी आदेश सर्वांना सारखेच लागू असतात; निघण्याआधी पाहून घ्यावेत.

पोखऱ्यात काय वेगळं आहे?

खरोखरीचं डोंगरातलं तलावाचं गाव हवं असेल तर भारतीय प्रवाशाला जवळचं उदाहरण नेपाळमध्ये सापडतं. फेवाताल आणि त्यात पडणारं माछापुच्छ्रेचं प्रतिबिंब यासाठी पोखरा प्रसिद्ध आहे. तिथल्या लेकसाइड भागात दुकानाला दुकान, हॉटेलला हॉटेल लागून आहे आणि जगभरचे पाहुणे पाहून मालक सरावलेले आहेत. पण फरक केवळ सरावाचा नाही. सुनीलबाबू पंत आणि त्यांच्या ‘ब्ल्यू डायमंड सोसायटी’ने नेलेल्या खटल्यात नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ सालीच लैंगिक अल्पसंख्याकांना समान हक्क द्यायला सांगितलं. २०१५ च्या संविधानात त्यांचा नावाने उल्लेख आला. नोव्हेंबर २०२३ मध्ये पोखऱ्याजवळच्याच लमजुंग जिल्ह्यात पहिल्या समलिंगी विवाहाची नोंद झाली. सरकारी कागदावर रकाना तयार झाला की हॉटेलच्या कागदावर तो आणणं सोपं जातं.

शहापूरच्या मालकाला मात्र संसदेसाठी थांबण्याची गरज नाही. घरमालक आणि प्रवाशांना जोडणाऱ्या एअरबीएनबीने २०१६ साली भेदभावविरोधी धोरण लागू केलं, त्यात लैंगिक कल आणि लैंगिक ओळख दोन्ही आहेत. तिथे घर नोंदवणाऱ्या प्रत्येकाला ते मान्य करावं लागतं. तसा एक परिच्छेद माहुलीच्या पायथ्याच्या कृषी पर्यटन केंद्रालाही आपल्या पत्रकावर छापता येईल. ‘कपल रूम’च्या जागी ‘दोघांची खोली’ लिहिता येईल. स्टॅगबंदीमागची चिंता दारू आणि पाण्याची आहे, तर नियमही दारू आणि पाण्याबद्दलच करता येईल: सोबत बाई आहे का, हे न पाहता. काउंटरवरच्या मुलाला ‘नातं विचारायचं नाही, ओळखपत्र बघायचं’ एवढं सांगायला पाच मिनिटं लागतात, आणि रात्रपाळीच्या वॉचमनलाही तेच सांगावं लागतं, कारण उशिराच्या लोकलने येणाऱ्या पाहुण्यांना फाटक उघडतो तो.